गाडी थांबेल, असं मी सांगितलं होतं

आमच्या रत्नागिरीच्या बाजूला तेव्हा रेल्वे नव्हती आणि दुबईत तर रेल्वेचा रूळसुद्धा कोणी पाहिला नव्हता. अशा दोन गावांच्या आम्हा नवरा-बायकोवर फ्रान्समधल्या आगगाडीचा प्रवास आखायची वेळ आली, आणि तोही कशासाठी, तर दारूची तळघरं बघायला जाण्यासाठी. आज कोणाला सांगितलं तर हसतात. मला अजून हसू येत नाही. त्या एका प्रकरणात मला जेवढे धक्के बसले तेवढे पुढच्या सगळ्या आयुष्यात बसले नाहीत, आणि त्यातला शेवटचा तर अजून पुरता ओसरलेला नाही.

साठीच्या दशकातली गोष्ट. माझा नवरा दुबईच्या देरा भागात खाडीच्या काठावर एका इंग्रजी कंपनीत क्लार्क होता. पाण्याचे पंप आणि इंजिनं मागवायची कंपनी. खाली ऑफिस, मागे गोदाम आणि वरच्या मजल्यावर साहेब आणि मॅडम राहायचे. साहेब इंग्रज, मॅडम फ्रेंच. दुबईला यायच्या आधी दोघं मुंबईत होती, त्यामुळे मॅडमला हिंदी यायचं, पण ते बटलरकडून शिकलेलं.

आमच्या गावच्या बायका तेव्हा आखातात जात नसत. नवरा दोन वर्षांनी यायचा, घराला रंग द्यायचा, पाळणा हलवायचा आणि पुन्हा बोटीवर चढायचा. मी हट्टाने आले होते. सासूने निरोपाच्या वेळी तोंड फिरवलं, तरी आले. आम्ही आमच्याच बाजूच्या एका व्यापाऱ्याच्या घरात एका खोलीत राहत होतो आणि आता त्याचं स्वतःचं कुटुंब यायचं होतं, म्हणून खोली सोडायची होती. कंपनीने क्वार्टर दिलं तर मी राहणार. नाही दिलं तर नवरा गावच्या पोरांच्या खोलीत पथारी टाकणार आणि मी बोटीने परत, सासूच्या समोर. माझ्यासाठी जगात तेव्हा दुसरा प्रश्नच नव्हता.

एक दिवस हे जेवायला आले आणि ताटाकडे बघत बसले.

"साहेबाने एक काम दिलंय," म्हणाले. "ते दोघं पॅरिसला चाललेत, हेड ऑफिसची मीटिंग या वेळी तिथे आहे. मध्ये एक दिवस मॅडमला ट्रेनने एका ठिकाणी जायचंय. सकाळी जाऊन संध्याकाळी रिटर्न. सगळा प्रोग्रॅम मी बनवायचा."

"मग बनवा. त्यात काय एवढं?"

"कुठे जायचंय ते विचार."

"कुठे?"

"दारूच्या तळघरात."

माझा हात पिठातच राहिला. हा माणूस पाच वक्त नमाजी. साहेबाच्या बाटल्यांची पेटी आली तर पावतीवर सही करायचा, पण पेटीला बोट लावायचा नाही. आणि आता हा दारूच्या घरी जाण्याचा रस्ता आखणार होता.

"तौबा करा," मी म्हटलं.

"मी पिणार नाही, विकणार नाही. गाडीचा टायमिंग बघायचा फक्त."

"आणि वर अल्लाकडे गेल्यावर काय सांगाल?"

"सांगेन, बायकोच्या क्वार्टरसाठी केलं."

खरी गोष्ट अशी होती की साहेबाने यांना स्पष्ट सांगितलं होतं: त्या दिवशी संध्याकाळी हेड ऑफिसच्या मोठ्या लोकांबरोबर डिनर आहे, मॅडम टेबलावर माझ्या शेजारी पाहिजे, ती जबाबदारी तुझी. हे नीट झालं तर क्वार्टरचं मी बघतो. म्हणजे मॅडम वेळेवर परत आली तर मी दुबईत राहणार आणि तिची गाडी चुकली तर मला बोट. इतका सरळ हिशेब होता.

मॅडम मला अधूनमधून दुपारी वर बोलवायची. तिला कोणी सोबत नव्हती. साहेबाचे मित्र यायचे, ते पंपांबद्दल बोलायचे. ती मला कॉफी द्यायची, मी तिला शिवणातली टीप दाखवायची, आणि दोघी खिडकीत बसून खालून जाणाऱ्या अब्रा बघायचो. पलीकडे बर दुबईला जाणारी माणसं त्या होड्यांत दाटीवाटीने उभी असायची. माझ्या क्वार्टरचं दुखणं तिला ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं, एकदा नाही, दहादा.

त्या आठवड्यात तिने मला फोटोंचं एक पुस्तक दाखवलं. जमिनीखाली पांढऱ्या दगडात कोरलेल्या गल्ल्या, आपल्याकडच्या बाजारपेठेहून लांब, आणि दोन्ही बाजूंना लाकडी मांडण्यांवर बाटल्या, सगळ्या डोकं खाली करून ठेवलेल्या. ही फसफसणारी दारू बाटलीतच तयार होते, ती सांगत होती. आतला गाळ हळूहळू मानेशी यावा म्हणून एक माणूस रोज प्रत्येक बाटली थोडीशी फिरवतो. थोडीशीच. जास्त फिरवली तर गाळ उठतो. मी मनात म्हटलं, आमच्याकडे पोरांनाही कोणी इतकं जपून हात लावत नाही, आणि ह्या लोकांनी हराम वस्तूसाठी जमिनीखाली शहर वसवलंय.

मग तिने फोटोतल्या एका कामगारावर बोट ठेवलं. बाह्या दुमडलेल्या, पाठ वाकलेली.

"मेरा बाप भी ये काम करता है," ती म्हणाली.

मी कप खाली ठेवला. गोऱ्या मॅडमचा बाप आणि मजूर? मला वाटायचं, हे लोक बंगल्यात जन्मतात आणि बंगल्यातच मरतात. तिने सांगितलं, बापाचं सगळं आयुष्य त्या तळघरात गेलं. घर स्टेशनच्या अगदी मागे. "रात को गाड़ी जाता था तो मेरा पलंग हिलता था," ती म्हणाली आणि तेवढं सांगताना हसली. तिने इंग्रजाशी लग्न केलं त्या दिवसापासून बाप तिच्याशी बोलला नव्हता. ती गेली तर दार उघडायचा नाही. म्हणून तिने ही युक्ती काढली होती. इतर प्रवाशांसारखं तिकीट काढायचं, त्यांच्याबरोबर तळघरात उतरायचं आणि तो बाटल्या फिरवत असेल तिथे जाऊन उभं राहायचं.

"हाथ में बोतल रहेगा," ती म्हणाली. "भागेगा कहाँ?"

"और साहब?"

"साहब को काम है. मुझे एक दिन दिया है."

बाप-लेकीच्या इतक्या वर्षांच्या अबोल्यासाठी एक दिवस, आणि तोही रात्रीच्या जेवणाआधी संपणारा. मला साहेबाचा संताप आला. पण संताप करून काय, मला त्याच साहेबाकडून क्वार्टर हवं होतं.

घरी आमची रेल्वे कचेरी सुरू झाली. हे कंदिलाशेजारी गाड्यांच्या वेळांचं जाडजूड पुस्तक उघडून बसायचे, बोट ओळीवरून सरकवायचे आणि मध्येच "या अल्ला" म्हणायचे. सकाळची एक गाडी त्या गावी पोचत होती आणि संध्याकाळी एक तिथून पॅरिसला येत होती. डिनरच्या आधी येणारी तेवढीच. यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. बापाला भेटून बाई रडत बसली आणि संध्याकाळची गाडी निघून गेली तर?

तोडगा मी काढला.

माझे अब्बा आमच्या खाडीवर लाँच चालवायचे. सारंग होते. बाजाराच्या दिवशी वरच्या अंगाच्या गावांतली माणसं घेऊन सकाळी यायचे, लाँच धक्क्याला बांधून ठेवायचे आणि भरतीच्या पाण्यावर सगळ्यांना परत न्यायचे. लोक उतरताना आपलं बोचकं, छत्री, कोंबडीची टोपली आपापल्या जागेवर ठेवून जायचे. जागा राहायची, आणि त्याहून मोठी गोष्ट, लाँच थांबायची. बोचकं आत असलं म्हणजे माणूस येणार, असं अब्बा धरून चालायचे. कोणी बाजाराच्या तोंडाशी गप्पा मारत राहिला तरी ते इंजिन बंद ठेवून विड्या ओढत बसायचे. दुसऱ्यांनी कितीही कटकट केली तरी ते म्हणायचे, सामान आहे ना आत, येईल.

"मॅडमना सांगा, बॅग सीटवरच ठेवून उतरायची," मी म्हटलं. "कोटही ठेवायचा. मोकळ्या हाताने तळघर बघायचं. सामान आत असल्यावर गाडी त्यांना टाकून जाईल कशी?"

यांनी मान वर केली. हे मुंबईत टायपिंग शिकले तेव्हा ट्राम आणि बसने फिरले होते. आगगाडीत बसले होते एकदाच, आणि ती शेवटच्या स्टेशनावर बराच वेळ उभी राहिली होती. त्यावरून त्यांनी ताडलं की सकाळची गाडी तिथेच उभी राहत असेल आणि संध्याकाळी तीच परत निघत असेल. "करेक्ट," म्हणाले. "एकदम करेक्ट." आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते इंग्रजीत टाइप केलं: बॅग, कोट आणि सर्व कागदपत्रं सीटवर ठेवावीत.

तो कागद मॅडमने माझ्यासमोर वाचला. वाचता वाचता एका ओळीवर थांबली. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"गाड़ी रुकेगा?"

"रुकेगी ना, मॅडम. सामान अंदर है तो कैसे जाएगी?" आणि मी अब्बांची लाँच सांगितली, विड्यांसकट.

ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. "तुम्हारा बाप हमेशा रुकता था?"

"हमेशा."

"अच्छा," ती म्हणाली. कागदाची घडी घालून तिने पर्समध्ये ठेवली. हसली नाही, काही नाही. मला वाटलं, पटलं बाईला. मी माझ्याच हुशारीवर खूश होऊन जिना उतरले.

जायच्या आदल्या दिवशी मी तिला खोबऱ्याच्या वड्यांचा डबा नेऊन दिला. कोणी प्रवासाला निघालं की काही ना काही द्यायचं, ही आमची सवय. देणाऱ्याला बरं वाटतं आणि नेणाऱ्याचं ओझं वाढतं. "बाप के घर खाली हाथ नहीं जाते," मी म्हटलं आणि बजावलं, की हाही बॅगेतच ठेवायचा, मग संध्याकाळी सवड मिळाली तर द्यायचा. तिने डबा उघडून वास घेतला. मग माझ्या गालाला हात लावला. असं तिने आधी कधी केलं नव्हतं.

ते दोघं विमानाने गेले. हे प्रत्येक नमाजानंतर फ्रान्सच्या रेल्वेसाठी दुवा मागत होते. मी वरच्या मजल्यामागच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरला पडदे केवढे लागतील याचा मनात हिशेब करत होते. ते क्वार्टर अजून कोणी देऊ केलेलं नव्हतं, पण पडद्यांचा रंग ठरला होता.

मग एका दुपारी हे अवेळी घरी आले. टोपी हातात, चेहरा पांढराफटक.

"साहेब आला," म्हणाले. "एकटाच आला."

मला वाटलं, मॅडम वारली. दुसरं काही सुचलंच नाही. मी "इन्ना लिल्लाही" म्हणायला तोंड उघडलं तर यांनी हाताने थांबवलं.

"जिवंत आहे. आली नाही. ट्रेन निघून गेली, अगो. ती गाडी तिथे थांबतच नाही. माणसं उतरली की पुढे जाते, पार बॉर्डरपर्यंत. संध्याकाळी येते ती वेगळीच गाडी. मॅडमची बॅग गेली, कोट गेला, पासपोर्ट, पैसे, रिटर्न तिकीट, सगळं गेलं. डिनरला साहेबाच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. सगळे बघत होते."

"मग आता?"

"उद्या दोघांना वर बोलवलंय. खलास."

आगगाडी थांबत नाही, ही गोष्ट मला समजेचना. एखाद्या बाईची बॅग आत आहे, कोट आत आहे, आणि गाडी चालवणारा माणूस मागे वळून बघतसुद्धा नाही? कसली माणसं ही? मग मी उठले आणि पेटी ओढून कपडे भरायला घेतले. यांनी अडवलं नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो. साहेब खिडकीतल्या खुर्चीवर, मॅडमच्या जागेवर बसला होता. दाढी वाढलेली.

"सर, मिस्टेक माझी आहे," हे इंग्रजीत म्हणाले. तेवढं इंग्रजी मला कळत होतं.

"नहीं साहब, मेरी है," मी म्हटलं. जायचंच आहे तर खोटं तरी कशाला वागवायचं. मी त्याला सगळं सांगितलं. अब्बा, लाँच, बोचकी, सामान आत असलं की थांबायचं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही.

मग यांच्याशी इंग्रजीत आणि माझ्याशी हिंदीत, असं अर्धं अर्धं बोलायला लागला.

"उसका घर स्टेशन के पीछे है," तो म्हणाला. "बचपन में वो पलंग पर लेटे-लेटे, आवाज से बोलती थी, कौन सी गाड़ी है. कहाँ जाएगी. कितना रुकेगी."

मी त्याच्याकडे बघत राहिले.

"बैग गया. कोट गया. पासपोर्ट गया," साहेब म्हणाला. "टिन नहीं गया. मीठा वाला टिन उसके हाथ में था."

मी भिंतीला टेकले. डबा बॅगेत ठेवायचा, असं मी तिला दोनदा बजावलं होतं. आणि तिने बाकी सगळं, परत येण्यासाठी लागणारी एकूण एक वस्तू, सीटवर ठेवली होती आणि बापाला द्यायचा डबा तेवढा काखेत मारून ती उतरली होती. गाडी थांबत नाही हे तिला त्या कागदावरची ओळ वाचतानाच माहीत होतं. मी अब्बांच्या विड्यांपर्यंत सगळं रंगवून सांगत होते तेव्हा माहीत होतं. माझ्या गालाला हात लावला तेव्हाही माहीत होतं.

बाकीचं साहेबाने थोडक्यात सांगितलं. बाप तळघरात नव्हताच. त्याच्या छातीचं दुखणं वाढलं होतं, काम सुटलं होतं. दारावरच्या माणसाने तिला तसं सांगितलं आणि ती चालत घरी गेली. या वेळी त्याने दार उघडलं. तिने पॅरिसच्या हॉटेलात फोन केला तेव्हा साहेब म्हणाला, उद्या माणसाबरोबर पैसे पाठवतो. ती म्हणाली, घाई नाही. पुढे बॅगही सापडली, पासपोर्टसकट तिला मिळाली. तरी ती आली नाही.

मला भयंकर राग आला. तिथेच, साहेबासमोर. माझा सगळा संसार त्या एका संध्याकाळच्या गाडीवर टांगलेला आहे हे त्या बाईला ठाऊक होतं. जायचं होतं तर जायचं, स्वतःच्या तोंडाने नवऱ्याला सांगून जायचं. माझ्या अब्बांची लाँच कशाला लागली तिला? माझ्या नवऱ्याने टाइप केलेल्या कागदाआड कशाला लपायचं?

साहेबाने जणू ते ऐकलं. "फोन पे एक बात और बोली," तो म्हणाला. "क्लार्क का गलती नहीं. ऊपर का घर उन लोग को देना."

माझा राग तोंडातच राहिला. मागच्या दोन खोल्या नव्हे, हा वरचा मजला. ही खिडकी, ही खुर्ची. मी यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते.

"एक सवाल," साहेब मला म्हणाला. "तुम्हारा बाप कितना रुकता था?"

"पानी रहे तब तक, साहब. पानी उतर गया तो लाँच कीचड़ में बैठ जाती है. दूसरे लोग भी होते हैं."

"और आदमी नहीं आया तो?"

"फिर अब्बा उसका सामान धक्के पर उतार देते थे. संभाल के. दुकानवाले को बोल के. फिर लाँच छोड़ देते थे."

त्याने मान हलवली. त्यानंतर तो आमच्याशी त्या विषयावर कधीच बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात साहेबाने ऑफिसच्या मागची एक खोली घेतली आणि मॅडमचं सामान पाठवायचं काम यांच्याकडे आलं. कपडे, पुस्तकं, शिवणाचं मशीन, कॉफीचे कप कागदात गुंडाळून. तिच्या पेट्या मी भरल्या, कारण पुरुषांना घड्या घालता येत नाहीत. फोटोंचं ते पुस्तक मी सगळ्यात वर ठेवलं. माझी भरलेली पेटी मात्र अजून खालच्या खोलीत तशीच होती, ती उघडायचं मला धाडस होत नव्हतं.

पेट्या निघाल्या त्या सकाळी यांनी मला वरची किल्ली दिली. मी एकटीच वर आले. खोली रिकामी होती आणि पडदे तिचेच होते. मी खिडकीशी जाऊन खाली बघितलं. बाहेर समुद्रात उभ्या असलेल्या बोटीपर्यंत सामान नेणारी लाँच खाडीत लागली होती. हमालांनी शेवटची पेटी ठेवली. साहेब स्वतः काठावर आला होता. लाँचवाल्या अरबाने इंजिन चालू केलं, दोर हातात घेतला आणि साहेबाकडे बघितलं.

साहेबाने पेट्यांकडे बघितलं, मग एकदा मागे, ऑफिसच्या दाराकडे, जिथून कोणी येणार नव्हतं.

मला हवं होतं ते सगळं माझ्या मुठीत होतं. मी राहणार होते. कोणतीच बोट मला आता परत नेणार नव्हती. आणि त्या किल्लीवर मूठ आवळून मी खाली त्या अनोळखी लाँचवाल्याला मनातल्या मनात विनवत होते, की जरा थांब, सामान आहे ना आत.

"यल्ला, चलो," साहेब म्हणाला, आणि लाँचवाल्याने दोर सोडला.